देवगिरीच्या राजाची लेक

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे नेरहून वेरूळ-दौलताबादला गेलो होतो. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, लेणी पाहिली आणि शेवटी देवगिरीचा किल्ला. पायऱ्या चढता चढता गुडघ्यांनी तक्रार सुरू केली, पण लेक पुढे पळत होती म्हणून थांबताही येईना. वाटाड्याने तोफ दाखवली, अंधारी दाखवली, शत्रूच्या अंगावर उकळतं तेल कसं ओतायचे तेही रंगवून सांगितलं. रामदेवरायाचं नाव मात्र एकदाच आलं, तेही हरलेला राजा म्हणून. लेकीने विचारलं, की या राजाच्या घरी कोण कोण होतं? वाटाड्या हसला आणि पुढच्या दरवाजाकडे निघाला.

घरी आल्यावर तिला शाळेच्या प्रकल्पासाठी यादवांची वंशावळ काढायची होती. आम्ही दोघी वही घेऊन बसलो. भिल्लम, जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र. पानभर नावं झाली. मग ती म्हणाली, की आई, यात एकही बाई नाही. मैत्रिणींनो, बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता, आणि तरीही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मग वाचनालयातून पुस्तकं आणली आणि महिनाभर दुपारची झोप सोडून वाचत बसले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

काका, पुतण्या आणि गादी

रामदेवराय म्हणजे रामचंद्रदेव यादव. देवगिरीच्या गादीवर तो 1271 साली बसला आणि चाळीसेक वर्षं त्याने राज्य केलं. त्याचा पणजोबा सिंघण हा यादवांचा सगळ्यात पराक्रमी राजा. सिंघणाचा मुलगा त्याच्या हयातीतच गेला, म्हणून गादी नातवाकडे, कृष्णदेवाकडे आली. हाच रामदेवाचा बाप. कृष्णदेव 1260च्या सुमारास वारला तेव्हा रामदेव लहान होता. मग गादीवर कोण बसलं? काका महादेव.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. भाऊ गेला, पुतण्या लहान आहे, तोपर्यंत काका शेती सांभाळतो. पुतण्या मोठा झाला की जमीन त्याच्या हवाली करायची, असं सगळ्यांसमोर ठरलेलं असतं. पण काकालाही मुलगा असतो! महादेवाने आपल्यामागे गादी स्वतःच्या मुलाला, आमणाला दिली. तरण्याताठ्या रामदेवाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

पुढची हकीकत महानुभावांच्या भानुविलास या ग्रंथात येते. किल्ला असा, की लढून घेणं अशक्य. आमणाला नाचगाण्याचा षौक होता. म्हणून रामदेव आणि त्याची माणसं नाचणाऱ्यांच्या मेळ्याचं सोंग घेऊन आत शिरली आणि भर मैफिलीत त्यांनी आमणाला धरलं. त्याचे डोळे काढले, असंही त्यात आहे. राज्य रामदेवाला मिळालं. हक्काचं होतं म्हणा, पण मिळालं ते सख्ख्या चुलतभावाला आंधळा करून. पुढची कथा वाचताना मला हे सारखं आठवत राहिलं.

सुखाची पंचवीस वर्षं

एवढ्या वाईट सुरुवातीनंतरही रामदेवरायाची पहिली पंचवीस वर्षं मराठी मुलखाच्या भरभराटीची गेली. ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण केली, आणि शेवटी या राजाचं नाव घेऊन, तो न्यायाने राज्य करतो असं नमूद केलं. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून जो ओळखला जातो, त्यात देवळाला देणगी देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. रामदेवराय आणि त्याचा मंत्री हेमाद्री यांची नावं त्यात आहेत.

हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काळ्या दगडाची, चुन्याशिवाय रचलेली जी जुनी देवळं आहेत, त्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो ते याच्याच नावावरून. मोडी लिपी त्याने सुरू केली, बाजरी त्याने आणली, असंही परंपरेने सांगतात. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा त्याचा ग्रंथ म्हणजे चतुर्वर्गचिंतामणी. त्यातला व्रतखंड हा व्रतवैकल्यांचा मोठा संग्रह आहे. कोणत्या तिथीला कोणतं व्रत, त्याचा विधी काय, पारणं कसं करायचं, सगळं त्यात आहे. आणि गंमत बघा, यादव राजांची वंशावळ अभ्यासकांना ज्या साधनांतून मिळाली, त्यातलं एक म्हणजे याच व्रतखंडाच्या सुरुवातीला असलेली राजांची प्रशस्ती. म्हणजे बायांनी करायच्या व्रतांच्या पोथीत राजांची वंशावळ, आणि त्या वंशावळीत बाई नाही!

त्या काळात बाया गप्प होत्या असंही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. मुक्ताबाई, जनाबाई याच काळातल्या. महानुभावांच्या स्मृतिस्थळात रामदेवरायाच्या एका राणीचं नाव आलं आहे, कामाइसा. राजवाड्यातलं हे नाव आपल्यापर्यंत पोचलं ते राजाच्या ताम्रपटातून नाही, एका पंथाने जपलेल्या आठवणींतून.

मिठाची पोती

मग 1296 साल उजाडलं. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी. त्याचा पुतण्या आणि जावई अल्लाउद्दीन हा प्रयागजवळच्या कडा इथे सुभेदार होता. बायको आणि सासू यांच्याशी त्याचं अजिबात पटत नव्हतं आणि घरच्या कटकटीला तो कंटाळला होता, असं बरनी हा दिल्लीचा इतिहासकार सांगतो. दिल्लीची गादी मिळवायची तर पैसा हवा. देवगिरीत पैसा आहे हे त्याच्या कानावर आलं होतं. चुलत्याला पत्ता न लागू देता काही हजार घोडेस्वार घेऊन तो निघाला.

आणि तो आला कुठून? आपल्या वऱ्हाडातून! अचलपुरात त्याने मुक्काम केला. आमच्या नेरहून अमरावतीला जायचं आणि तिथून परतवाड्याची एस.टी. धरायची, तेच हे अचलपूर. मी चुलत नणंदेकडे कितीदा तरी गेले असेन, पण दक्षिणेवरची दिल्लीची पहिली स्वारी या गावातून गेली हे मनात आलं नव्हतं. काकाशी बिनसलं आहे, दक्षिणेतल्या एका राजाकडे चाकरीला चाललो आहे, अशी त्याने वाटेत आवई उठवली होती. त्यामुळे कुणी अडवलं नाही.

अडवलं ते थेट देवगिरीजवळच्या लासूरच्या घाटात. तिथला अधिकारी कान्हा आपली थोडीशी फौज घेऊन उभा राहिला. इसामी नावाच्या इतिहासकाराने 1350 साली आपला ग्रंथ पूर्ण केला. त्याने लिहिलं आहे, की कान्हाच्या बाजूने दोन बाया लढत होत्या आणि त्यांनी तुर्की स्वारांना मागे रेटलं होतं. शेवटी कान्हाची फौज हरली. पण विचार करा, शत्रूच्या बाजूच्या माणसाला त्यांची नोंद घ्यावीशी वाटली! नावं मात्र त्याने दिली नाहीत. माझ्या लेकीने वहीत दोन रिकाम्या चौकटी काढल्या आणि त्यात लढणाऱ्या दोघी असं लिहिलं.

देवगिरीत त्या वेळी मुख्य फौज नव्हती. थोरला मुलगा शंकरदेव ती घेऊन दूर गेला होता. रामदेवराय हाताशी होती तेवढी माणसं घेऊन किल्ल्यात शिरला. घाईघाईने व्यापाऱ्यांची पोती वर नेली. पुढे वेढा लांबला, धान्य काढायला पोती उघडली, तर आत मीठ! ही हकीकत फिरिश्ता सांगतो. तो सुमारे तीनशे वर्षांनंतर लिहीत होता, तेव्हा अक्षरशः खरी मानायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण घर चालवणाऱ्या बाईला ती वाचून हसू येत नाही. एवढा मोठा किल्ला, एवढे कारभारी, आणि कोठीत काय भरतोय हे पोत्याचं तोंड सोडून कुणी पाहिलं नाही. आपण वर्षाचे गहू भरताना प्रत्येक पोत्यात हात घालून बघतो.

पन्नास मणांचे सहाशे मण

रामदेवरायाने तह केला. फिरिश्ता म्हणतो, की आधी पन्नास मण सोन्यावर भागलं होतं. तेवढ्यात शंकरदेव फौज घेऊन परतला. बापाने निरोप पाठवला, की तह झाला आहे, आता लढू नकोस. मुलाने ऐकलं नाही. तरणं रक्त, आणि समोर आपली लुटलेली नगरी. लढाई सुरू झाली आणि तो जिंकतही आला होता. तेवढ्यात शहरावर नजर ठेवायला मागे ठेवलेली शत्रूची एक तुकडी धूळ उडवत आली. दिल्लीची आणखी फौज आली असं वाटून यादवांची माणसं पळाली.

मग तहाची किंमत वाढली. सहाशे मण सोनं, सात मण मोती, दोन मण रत्नं, हजार मण चांदी, चार हजार रेशमी वस्त्रं, अशी यादी फिरिश्ता देतो. आकडे फुगवलेले असणार हे उघड आहे. शिवाय आपल्या अचलपूर भागाचा महसूल दरवर्षी दिल्लीला. आणि इसामी सांगतो त्याप्रमाणे, राजाची एक लेक.

मैत्रिणींनो, ही यादी वाचताना मी थांबले. लग्नात आपण आहेराची यादी करतो ना, इतकी भांडी, इतक्या साड्या, तशीच ही यादी. फक्त तिच्यात मुलगीही होती.

तिचं नाव इसामीने फारसीत लिहिलं. ते वाचताना कुणी झट्यपाली करतं, कुणी जेठापाली, कुणी क्षेत्रपाली. तिच्या आईने तिला काय म्हणून हाक मारली असेल, ते त्या परक्या अक्षरांत हरवून गेलं.

अल्लाउद्दीन सोनं घेऊन परत गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये भेटीला आलेल्या सख्ख्या चुलत्याला, म्हणजे सासऱ्यालाही, त्याने मारलं आणि देवगिरीचं सोनं वाटत वाटत दिल्ली गाठली. चुलतभावाला आंधळा करून गादीवर आलेला एक राजा, आणि चुलत्याला मारून गादीवर आलेला दुसरा. देवगिरीची लेक एका घरातून निघून दुसऱ्या घरी गेली, इतकंच.

बाप दिल्लीला गेला तेव्हा

पुढची काही वर्षं खंडणी जात होती, मग थांबली. शंकरदेवाला ती द्यायची नव्हती. म्हातारा बाप म्हणे, द्या आणि राज्य वाचवा. मुलगा म्हणे, किती दिवस? घराघरांतला हा वाद आहे. बापाने पाहिलेलं असतं म्हणून तो भितो, आणि मुलाला ती भीती म्हणजे नामुष्की वाटते. इसामीच्या म्हणण्याप्रमाणे रामदेवरायाने गुपचूप दिल्लीला कळवलं, की माझं घरात काही चालत नाही, मी स्वतः तुमच्या शब्दाबाहेर नाही.

याच सुमारास आणखी एक मुलगी या कथेत येते. गुजरातचा पदभ्रष्ट राजा कर्ण वाघेला याची लेक देवलदेवी. तिची आई कमलादेवी आधीच अल्लाउद्दीनच्या जनानखान्यात पोचली होती. देवलचं लग्न देवगिरीच्या राजपुत्राशी ठरलं. ती लहान मुलगी देवगिरीला यायला निघाली आणि वेरूळच्या लेण्यांजवळ दिल्लीच्या सैनिकांच्या हाती सापडली. पुढे तिचं लग्न अल्लाउद्दीनच्या मुलाशी, खिज्रखानाशी झालं. अमीर खुस्रोने त्यावर मोठं प्रेमकाव्य रचलं. काही अभ्यासक या कथेवर शंकाही घेतात. आम्ही वेरूळला कैलास लेण्यासमोर फोटो काढले, पण हे तेव्हा माहीत असतं तर मी त्या वाटेकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

साधारण 1307 साली मलिक काफूर फौज घेऊन आला. देवगिरी हरली आणि रामदेवरायाला दिल्लीला नेलं. सगळ्यांना वाटलं, आता संपलं. पण अल्लाउद्दीनने त्याला सन्मानाने ठेवलं. राय-इ-रायान हा किताब, छत्र, एक लाख सोन्याचे टंक आणि नवसारीचा मुलूख. सहा महिन्यांनी परत देवगिरीला पाठवलं. मग रामदेवराय शेवटपर्यंत दिल्लीशी इमानाने राहिला. काफूर वरंगळला निघाला तेव्हा त्याच्या फौजेला रसद दिली, वाटाडे दिले.

या सहा महिन्यांपाशी मी बराच वेळ अडकले. बाप दिल्लीत होता. ज्या मुलीला अकरा वर्षांपूर्वी तहात दिलं, ती त्याच दिल्लीत, त्याच सुलतानाच्या घरात होती. माहेरचं माणूस आलं आहे हे तिच्या कानावर गेलंच असणार. आपल्याकडे दूर दिलेल्या मुलीकडे बाप गेला, की ती आधी पाणी देते आणि मग आई कशी आहे विचारते. दरबारातल्या लेखकांनी टंक मोजून लिहिले. छत्राचा रंगसुद्धा लिहिला असेल. बापलेकीचं काय झालं, त्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती.

तिचा मुलगा

गोदावरीकाठी बीड जिल्ह्यात पुरुषोत्तमपुरी नावाचं गाव आहे. तिथे 1310 सालचा रामदेवरायाचा ताम्रपट मिळाला. पुरुषोत्तम नावाच्या मंत्र्याला दिलेल्या गावांचं ते दानपत्र. त्यात राजाचे पराक्रम आहेत, वाराणसी मुक्त करून तिथे विष्णूचं देऊळ बांधल्याचं आहे. तहाचं, खंडणीचं अर्थातच नाही. ताम्रपट काय आणि लग्नपत्रिका काय, घरातलं खरंखुरं त्यात कुणी लिहीत नाही.

त्यानंतर वर्षभरात, 1311च्या सुमारास रामदेवराय गेला. शंकरदेव गादीवर आला, त्याने खंडणी नाकारली आणि 1313 साली तो मारला गेला. रामदेवरायाच्या जावयाने, हरपाळदेवाने, पुन्हा बंड केलं. त्याला 1318 साली अल्लाउद्दीनच्या मुलाने, कुतबुद्दीन मुबारकने अत्यंत हालहाल करून मारलं. यादवांचं राज्य संपलं. पुढे 1327 साली महंमद तुघलकाने देवगिरीचं नावसुद्धा बदलून दौलताबाद केलं.

शाळेच्या पुस्तकात वंश इथे संपतो. पण खरं तर त्याआधी, 1316च्या जानेवारीत एक गोष्ट घडली होती. अल्लाउद्दीन वारला आणि मलिक काफूरने पाच-सहा वर्षांच्या एका राजपुत्राला दिल्लीच्या तख्तावर बसवलं. त्याचं नाव शिहाबुद्दीन उमर. इसामी सांगतो, त्याची आई म्हणजे देवगिरीच्या रामदेवरायाची लेक!

म्हणजे बघा, ज्या राजाचं राज्य दिल्लीने गिळलं, त्याच्या मुलीचा मुलगा दिल्लीचा सुलतान झाला. तीनेक महिनेच. मग त्याच्या सावत्र भावाने, याच मुबारकने, त्याला बाजूला सारलं, त्याचे डोळे काढले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. आजोबांनी चुलतभावाचे डोळे काढून राज्य मिळवलं होतं आणि नातवाचे डोळे सावत्र भावाने काढले. मी याला नियतीचा न्याय वगैरे म्हणणार नाही. त्या पोराने कुणाचं काय वाकडं केलं होतं? गादीसाठी घरातलीच माणसं एकमेकांवर उठली की शेवटी लहान मुलं आणि बाया भरडल्या जातात, एवढं मला त्यातून कळलं.

आमची वंशावळ

हे सगळं वाचत असतानाच माहेरी एक काम निघालं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि शेताच्या फेरफारासाठी वारसांची वंशावळ लिहून द्यायची होती. भावाने कागद तयार केला आणि माझ्याकडे फक्त नजरेखालून घालायला पाठवला. त्यात आजोबा, बाबा आणि दोघे भाऊ होते. आम्ही दोघी बहिणी नव्हतो, आईसुद्धा नव्हती. माझा भाऊ वाईट नाही हो. आजारपणात बाबांचं सगळं त्यानेच केलं. वंशावळ म्हटलं की मुलांचीच नावं, हे त्याच्या हाताला वळण पडलेलं आहे. सात वर्षांपूर्वी माझ्याही पडलं असतं.

कायदा काही नवा नाही. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. मला शेत हवं आहे की नको, हा पुढचा प्रश्न. हक्कसोड करायचं तरी आधी नाव लागायला हवं ना! मी दोन दिवस गप्प बसले. माहेर तुटेल अशी धास्ती कुणाला नसते? मग भावाला फोन केला. आवाज थोडा कापत होता. म्हटलं, आईचं आणि आम्हा दोघींचं नाव घाल, पुढचं आपण घरात बसून ठरवू. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग कागद परत पाठव म्हणाला.

नवा कागद आला आहे. सगळ्यात वर बाबांच्या शेजारी आईचं नाव आहे, खाली आम्ही चौघं. शेताचं काय करायचं ते संक्रांतीला सगळे जमलो की बोलू. जरा धाकधूक आहे.

लेकीची वहीसुद्धा पूर्ण झाली. रामचंद्रदेवाच्या शेजारी तिने कामाइसा लिहिलं आहे. खाली शंकरदेव, आणि त्याच्या शेजारच्या चौकटीत दिल्लीला दिलेली लेक. तिच्या खाली शिहाबुद्दीन. नावावर अभ्यासकांचं एकमत नाही म्हणून त्या चौकटीत काय लिहावं हा प्रश्न होता. आम्ही ती रिकामी ठेवली आहे, पण चौकट काढली आहे.